फुगा दाबला की मोटर चालते, सोडला की बंद: जुन्या आउटबोर्डची पेट्रोल-लाइन कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाणफुगवट्यात चालणारी फायबरची होडी. मागे २५ हॉर्सपॉवरची जुनी दोन-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर, होडीत २४ लिटरची सुटी टाकी. काठावर दुसऱ्या ओढीला सुरू होते, हळू चालवली तर कुरकुर करत नाही. पूर्ण वेग दिला की दोन-तीन मिनिटांत आचके देऊन बंद पडते. नळीवरचा रबरी फुगा (पेट्रोल हाताने पुढे ढकलणारा) दाबत राहिले की पुन्हा पळते. मेकॅनिकने कार्ब्युरेटर दोनदा धुतला, प्लग बदलले, तरी दोष तसाच. आता काय करावे?

कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडू नका. फुगा दाबून मोटर पळते याचा अर्थच असा की बाहेरून पेट्रोल मिळाले तर कार्ब्युरेटर ते नीट वापरतो. कमी पडते आहे ते पेट्रोल पोहोचणे. दोष टाकीच्या झाकणापासून मोटरच्या पंपापर्यंत कुठेतरी आहे, आणि शोधायची दिशाही तीच: टाकीकडून मोटरकडे.

काठावर चालते आणि मध्यभागी बंद पडते, याचे कारण हिशोबात आहे. २५ हॉर्सपॉवरची दोन-स्ट्रोक मोटर पूर्ण वेगात तासाला साधारण १० ते १२ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला १७० ते २०० मिली. सुरू करताना फुगा दाबून फ्लोटची वाटी (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी), फिल्टर आणि पुढची नळी भरलेली असते. तेवढ्या साठ्यावर मोटर थोडा वेळ पळते. पुढचे पेट्रोल त्या वेगाने आले नाही की साठा संपतो आणि ती दम तोडते. हळू चालवताना खप फार कमी असल्याने अर्धवट तुंबलेली नळीही पुरते. म्हणून काठाला बांधून, न्यूट्रलमध्ये घेतलेली चाचणी या दोषाला निरुपयोगी आहे.

एक गोष्ट आधी, कारण तिच्यावर मोटरचे आयुष्य आहे. दोन-स्ट्रोक मोटरला वंगण पेट्रोलातूनच मिळते. पेट्रोल कमी पोहोचले की ऑइलही कमी पोहोचते, मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो आणि शेवटी चिकटतो. फुगा दाबत घरी येणे ही एका वेळेची सोय आहे. तसाच आठवडाभर धंदा केला तर पन्नास-शंभर रुपयांच्या ओ-रिंगपायी (जोडातल्या रबरी कड्यापायी) पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर घासून घ्यायची पाळी येते.

दोष इंधनाचाच आहे ना, हेही पक्के करा. इंधन कमी पडलेली मोटर हळूहळू मरते: वेग उतरतो, आचके येतात, क्षणभर चोक ओढला तर थोडी सावरते. इग्निशनचा दोष असेल तर मोटर बटण दाबल्यासारखी एकदम बंद पडते, फुगा दाबून काही होत नाही, आणि कॉइल तापून बिघडत असेल तर वीस-पंचवीस मिनिटे थंड झाल्यावर ती आपोआप सुरू होते. तिसरी शक्यता मोटर तापण्याची. मागून येणारी पाण्याची पिचकारी पाहा. उजनीत जलपर्णीची मुळे आणि गाळ पाणी ओढण्याच्या जाळीवर बसतात, तेव्हा ही नजर रोजचीच हवी. तुमच्या वर्णनावरून मात्र दोष इंधनाचाच आहे.

फुगा काय सांगतो

मोटर आचके देऊ लागली त्या क्षणी फुगा हातात घ्या. बंद पडल्यावर पाच मिनिटांनी नव्हे, त्याच क्षणी. एक जण मोटरवर, दुसरा फुग्यावर, दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट.

फुगा चेपून चपटा झाला असेल, आत ओढला गेला असेल, तर टाकी आणि फुगा यांच्यामध्ये अडथळा आहे. मोटर ओढते आहे, मागून पेट्रोल येत नाही.

फुगा गोल आहे पण कितीही दाबला तरी घट्ट होत नाही, तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा फुग्याच्या आतले व्हॉल्व्ह गेले आहेत. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल बाहेर ओघळत असेल तर तिसरे कारण: फ्लोटची नीडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई, बंद होत नाही.

फुगा गोल आहे, भरलेला आहे, दोन दाबांत घट्ट होतो, आणि तरी मोटर मरते, तर पेट्रोल तिथपर्यंत येते आहे. पुढचा फिल्टर किंवा पंप पाहा.

चालू मोटरवर फुगा दगडासारखा टणक राहत नाही, थोडा नरम असतो. तो दोष समजून चांगला फुगा फेकू नका. आणि दाबताना फुगा उभा धरा, बाण वरच्या बाजूला आणि मोटरकडे. आडवा धरला तर जुन्या फुग्यातले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि खोटाच निष्कर्ष निघतो.

सर्वांत झटपट चाचणी मात्र दुसरीच: शेजारच्या होडीवाल्याची तशाच कनेक्टरची टाकी, नळी आणि फुगा असा पूर्ण संच लावून दहा मिनिटे पूर्ण वेगाने चालवणे. दोष गेला तर तो तुमच्या संचात, राहिला तर मोटरच्या टोपाखाली. अर्धे काम तिथेच संपते.

टाकी

झाकणावरचा हवेचा स्क्रू, म्हणजे व्हेंट. मोटर चालू असताना तो पूर्ण उघडा हवा. पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ पुरत नाही. उघडा दिसला तरी आत माती, कोळ्याचे जाळे, गंज असू शकतो. पडताळा सोपा आहे. मोटर आचके देताच झाकण अर्धा आटा सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि मोटर सावरली तर दोष सापडला.

आणखी एक खूण. भरलेल्या टाकीवर मोटर लवकर मरते आणि अर्ध्या टाकीवर उशिरा, असे होत असेल तर संशय व्हेंटवरच. काठोकाठ भरलेल्या टाकीत वर हवेला जागा थोडी, म्हणून थोडेसे पेट्रोल गेले तरी पोकळी लगेच वाढते. याच्या उलट, टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावरच त्रास होत असेल तर आतल्या उभ्या नळीला वरच्या भागात चीर आहे. पातळी उतरली की चिरेतून हवा ओढली जाते.

ही उभी नळी चार स्क्रू काढून बाहेर घ्या. खालच्या टोकाला बारीक जाळी असते. तिच्यावर गंजाचे पापुद्रे, शेवाळासारखा चिकट थर, कधी प्लास्टिकच्या कॅनचे तुकडे बसलेले असतात. जाळी नुसती झटकून उपयोग नाही, स्वच्छ पेट्रोलात मऊ ब्रशने धुवा. जाळी फाटली असेल तर काढून टाकून काम चालवू नका, कचरा पुढे जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, जाऊन बसेल.

जुनी टाकी पत्र्याची असेल आणि आत लालसर गंज दिसत असेल, तर ती धुण्यात वेळ घालवण्यापेक्षा प्लास्टिकची बोटीची टाकी घ्या. धुतलेला गंज महिन्याभरात परत येतो.

उन्हाळ्यासाठी वेगळी सूचना. सोलापूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, उघड्या होडीतली टाकी त्याहून तापते. मोटर बंद ठेवून व्हेंटही बंद केला आणि नळी जोडलेलीच राहिली, तर आतल्या वाफेचा दाब पेट्रोल पुढे ढकलतो, नीडल उचलली जाते, मोटर पेट्रोलाने भरते. नंतर ती सुरू होत नाही आणि लोक प्लग बदलत बसतात. काठाला लागलात की नळी मोटरकडून काढून ठेवायची आणि टाकीवर ओले पोते टाकायचे. धावत्या होडीतही टाकी सावलीत हवी. तापलेल्या पेट्रोलाची नळीत वाफ झाली की पंप वाफ ओढतो आणि मोटर तशीच आचके देते.

कनेक्टर, नळी, फुगा

जुन्या संचात बहुतेक वेळा खरा गुन्हेगार इथे सापडतो. मोटरकडच्या कनेक्टरमध्ये छोटी ओ-रिंग असते. ती कडक किंवा चपटी झाली की पेट्रोल गळेलच असे नाही, पण हवा शिरते. मोटर ओढत असताना नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून बाहेर थेंबही न दिसता आत बुडबुडे जातात. कोरडी लाइन म्हणजे चांगली लाइन, हा समज इथे फसवतो. ओ-रिंग व्हायटॉनची, म्हणजे पेट्रोलात टिकणाऱ्या रबराची, घ्या. साध्या रबराची स्वस्त रिंग इथेनॉलच्या पेट्रोलात आधी फुगते आणि वाळल्यावर आक्रसते. कनेक्टर कंपनीनुसार वेगळे असतात. दिसायला सारखा कनेक्टर हातोडीने बसवू नका.

नळी वाकवून पाहा. वाकलेल्या जागी बारीक भेगा, बोटांना चिकटपणा, किंवा लाकडासारखा कडकपणा जाणवला तर ती गेली. सगळ्यात फसवी नळी बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतले अस्तर सुटलेले असते. ओढ लागली की ते अस्तर मिटते आणि वाट बंद होते, ओढ थांबली की उघडते. म्हणून नुसती फुंकर मारून नळी मोकळी आहे असे ठरवू नका. दोन्ही टोकांचे इंच-इंच कापून आत बघा. अस्तर वेगळे सुटून आलेले दिसले तर पूर्ण नळी बदला.

इथे इथेनॉलबद्दल बोलायलाच हवे. ऊस आणि साखर कारखाने हा आपल्या जिल्ह्याचा कणा आहे, इथेनॉल त्याच उसातून येते, आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता पंपावर सहसा तेच मिळते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोटरची नळी, फुगा, डायफ्राम (पंपातला पातळ पडदा) आणि गॅस्केट त्यासाठी बनलेले नाहीत. शिवाय इथेनॉल पाणी धरते. प्रमाणाबाहेर पाणी गेले की पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर तळाशी बसतो, आणि टाकीतली नळी नेमकी तळातून ओढते. त्या थरात ऑइल जवळपास नसते. म्हणून महिनाभर पडून राहिलेले पेट्रोल मोटरला देऊ नका. लागेल तेवढेच आणा, तीन आठवड्यांत संपवा.

नवी नळी २५ ते ४० हॉर्सपॉवरसाठी आतून ८ मिमी, १५ च्या खालच्या मोटरला ६ मिमी. लांबी दोन-अडीच मीटरपेक्षा जास्त नको, कारण मोटरचा पंप अशक्त असतो आणि लांब, बारीक नळी त्याला जड जाते. बोटीची नळी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर सोलापुरात चारचाकीच्या स्पेअरच्या दुकानात इंजेक्शनच्या गाडीची पेट्रोल-नळी मागा, तिच्यावर ‘३० आर ९’ असा शिक्का असतो. गॅस शेगडीची नळी, बागेचा पाइप, फवारणी पंपाची नळी यांपैकी काहीही नको. जोडांवर स्टीलचे क्लॅम्प घाला. तार किंवा प्लास्टिकची पट्टी गोल आवळत नाही, एका बाजूने फट राहते.

फुगा नळीपासून सोडवून फुंकर मारून तपासता येतो, पण आधी पेट्रोल काढून तो कोरडा करा आणि फुग्याला थेट तोंड न लावता छोटी स्वच्छ नळी जोडा. टाकीकडच्या टोकातून फुंकले की हवा पुढे जायला हवी. मोटरकडच्या टोकातून फुंकले तर अडायला हवी. उलट गेली तर फुगा बदला, व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाहीत. नवा बसवताना बाण मोटरकडे. उलटा बसवलेला फुगा ही दिसते त्यापेक्षा जास्त वेळा होणारी चूक आहे.

हवा नेमकी कुठून शिरते हे बघायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी कामाला येते. तिचा ३० सेंटिमीटर तुकडा आधी फुगा आणि मोटर यांच्यामध्ये जोडा, मोटर पाण्यात गिअरमध्ये पूर्ण वेगाने चालवा. बुडबुड्यांची सलग रांग दिसली तर हवा मागून येते आहे. मग तोच तुकडा टाकी आणि फुगा यांच्यामध्ये लावा. इथे बुडबुडे नाहीत आणि पुढे आहेत, तर दोष फुग्यात किंवा त्याच्या क्लॅम्पमध्ये. इथेही आहेत, तर टाकीचा कनेक्टर किंवा आतली उभी नळी. पहिल्या तुकड्यात बुडबुडे नाहीत आणि तरी मोटर उपाशी, तर तुमचा शोध टोपाखाली गेला. चाचणी झाली की हा तुकडा त्याच दिवशी काढा. पेट्रोलात ही नळी काही दिवसांत कडक होऊन तडकते.

टोपाखाली

फिल्टरची पारदर्शक वाटी काढून पेट्रोल काचेच्या बरणीत ओता आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी गोल थेंब किंवा वेगळा थर दिसला तर पाणी आहे, सगळे पेट्रोल बदला. जाळी धुवा, वाटीची ओ-रिंग बघा, तिथूनही हवा शिरते.

मग पंप. जुन्या मोटरवर तो क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, आत पातळ डायफ्राम आणि दोन लहान पापण्या (एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा) असतात. उघडण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढा, कारण गॅस्केट आणि डायफ्रामचा क्रम चुकला की पंप चालत नाही. डायफ्राम उजेडासमोर धरा. टाचणीएवढे भोकही पुरेसे आहे. ताठ, सुरकुतलेला किंवा ताणलेला डायफ्रामही बाद. फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल सरळ क्रँककेसमध्ये जाते, म्हणून एका सिलिंडरचा प्लग ओला आणि काळा, दुसऱ्याचा कोरडा निघाला तर हे पहिले कारण धरा. पापण्यांचे टोक वळलेले किंवा तुटलेले नको. पूर्ण किट टाका, फक्त डायफ्राम बदलून अर्धे काम करू नका. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. गॅस्केटला सिलिकॉन लावू नका, त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये जातात.

कार्ब्युरेटर तुमच्या बाबतीत शेवटी, आणि बहुधा लागणारच नाही. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पूर्ण वेगात दम तोडणे हे मुख्य जेट तुंबल्याचे लक्षण, हळू चालताना बंद पडणे हे पायलट जेट (हळू वेगाचे जेट) तुंबल्याचे. आणि जेट स्टीलच्या तारेने कोरू नका. पितळी भोक मोठे होते आणि मोटर कायमची बिघडते. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

तुमच्या वर्णनाला माझा क्रम असा राहील: व्हेंट, मग मोटरकडच्या कनेक्टरची ओ-रिंग, मग टाकीतली जाळी, नळीचे अस्तर, फुगा, आणि त्यानंतर पंपाचे किट. पहिल्या तीन गोष्टींना अर्धा तास लागतो आणि खर्च जवळपास नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशाने गेला ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळे बदलावे लागेल.

काम काठावर, वारा वाहता असेल अशा जागी, सकाळी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचते आणि तिथे एक ठिणगी पुरते. बॅटरीची तार आधी काढा. विडी-सिगारेट लांब. टाकी भरताना ती होडीतून उतरवून जमिनीवर ठेवा.

दुरुस्तीनंतर ताजे मिश्रण करा. ५० ला १ प्रमाण असेल तर १० लिटरला २०० मिली, २४ लिटरला ४८० मिली. काही जुन्या मोटरींना २५ ला १ लागते, मोटरवरच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असेल ते पाळा. ऑइल आउटबोर्डचे, ‘टीसी-डब्ल्यू ३’ लिहिलेले. दुचाकीचे टू-टी नको. मग काठाजवळ, सोबत दुसरी होडी ठेवून, पूर्ण वेगाने सलग दहा मिनिटे चालवा. फुग्याला हात न लावता ती दहा मिनिटे पार पडली तरच दुरुस्ती झाली म्हणा.

आणि मधेच बंद पडली तर? आधी नांगर टाका, मग मोटरकडे बघा. बंद होडी वाऱ्याने आडवी होते आणि लाट बाजूने येते. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगाव ते कळाशी जाताना वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ते मोटरमुळे नव्हते, पण वळवाचा वारा या पाण्यावर काय करतो हे त्यातून कळते. नांगर धरला की झाकण सैल करा, कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा, फुगा उभा धरून घट्ट होईपर्यंत दाबा. तरीही ओढत नसेल तर टाकी बसायच्या फळीवर ठेवून दोरीने बांधा, म्हणजे पंपाला उचलायची उंची कमी होईल. मग निम्म्या वेगाने जवळच्या काठाला जा, घाटालाच जायचा हट्ट नको. काठाला लागताच नळी काढा, उंच टाकीतले पेट्रोल आपोआप उतरत राहते.

या मोटरींचे भाग सोलापुरात सहसा मिळत नाहीत, मुंबईहून किंवा कोकणातल्या बंदरांवरून मागवावे लागतात. मोटरच्या पाटीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर फोटोसह पाठवा, नुसते ‘२५ ची मोटर’ सांगितले तर चुकीचे किट येते. ओ-रिंगा चार, एक फुगा, दोन क्लॅम्प, पंपाचे एक किट आणि फिल्टरची जाळी एवढे एका डब्यात कायम होडीत ठेवा, डबा उन्हात ठेवू नका.